गॅमा कॅमेऱ्याच्या खोलीत पेट-सीटीचे रुग्ण: परळजवळच्या एका केंद्राचं प्रकरण

ओळख पटेल असे तपशील या लेखात गाळले आहेत आणि मोजमापं गोल केली आहेत. हिशोबाच्या पायऱ्या मात्र पूर्ण दिल्या आहेत, कारण या प्रकरणातली मुख्य चूक हिशोबातच होती आणि ती कागदावर अगदी बरोबर दिसत होती.

पार्श्वभूमी

दादर-परळ पट्ट्यातल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर न्यूक्लिअर मेडिसिनचं छोटं केंद्र होतं. तिथे एक गॅमा कॅमेरा होता, म्हणजे रुग्णाला टोचलेल्या किरणोत्सर्गी पदार्थातून येणाऱ्या किरणांचं चित्र काढणारं यंत्र, आणि जवळपास सगळं काम टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सर्गी पदार्थावर चालायचं: हाडांचे स्कॅन, मूत्रपिंड, थायरॉइड, हृदय. इंजेक्शन दिलेल्या रुग्णांना बसवायला साडेचार मीटर बाय सव्वातीन मीटरची खोली होती. तिच्या दाराला २ मिलिमीटर शिशाचा पत्रा होता. भिंती २३० मिलिमीटरच्या, म्हणजे नऊ इंची विटांच्या, आणि वरचा स्लॅब १५० मिलिमीटरचा. वर पहिल्या मजल्यावर एका सीएचं ऑफिस होतं. तिथे आठवड्याचे सहा दिवस माणसं पूर्ण वेळ टेबलाशी बसलेली असायची. तळमजल्याखाली तळघर नव्हतं.

केंद्राने पेट-सीटी, म्हणजे फ्लोरिन-१८ सारखा वेगळा किरणोत्सर्गी पदार्थ टोचून चित्र काढणारं आणि सीटी स्कॅन जोडलेलं यंत्र, घ्यायचं ठरवलं. या तंत्राला मुंबई नवखी नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन, म्हणजे असे पदार्थ तयार करणारं यंत्र, २००२ मध्ये बसला. त्यामुळे फ्लोरिन-१८ शहरातच मिळतो. १०९.८ मिनिटांच्या अर्धायुष्याच्या, म्हणजे तेवढ्या वेळात निम्माच उरणाऱ्या, पदार्थासाठी हे फार महत्त्वाचं आहे. गाडी ५५ मिनिटं ट्रॅफिकमध्ये अडकली तर माल ३० टक्के कमी झालेला असतो.

आर्किटेक्टने नकाशात जुनी प्रतीक्षा खोलीच पेटच्या रुग्णांसाठी दाखवली. तीन आरामखुर्च्या आखल्या आणि दारावर शेरा लिहिला: ‘२ मिमी शिसं, विद्यमान’. अणुऊर्जा नियामक परिषदेकडे आराखडा पाठवण्याआधी तो केंद्राच्या विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याकडे, म्हणजे आरएसओ मॅडमकडे, तपासायला आला.

पहिला हिशोब, जो पास झाला

बाहेरच्या एका सल्लागाराने हिशोब आधीच करून दिला होता. गृहीतकं ठीक होती. दिवसाला १० रुग्ण, आठवड्याला ६०. प्रत्येकाला ३७० मेगाबेकरेल (किरणोत्सर्गी पदार्थाच्या प्रमाणाचं एकक) एफडीजी, म्हणजे फ्लोरिन-१८ जोडलेली साखर. इंजेक्शननंतर ६० मिनिटं खोलीत बसणं. इंजेक्शन दिलेल्या रुग्णापासून १ मीटरवर मात्रेचा दर दर मेगाबेकरेलमागे ताशी ०.०९२ मायक्रोसिव्हर्ट धरतात (शरीराला मिळणाऱ्या मात्रेचं एकक; हजार म्हणजे १ मिलिसिव्हर्ट). रुग्णाचं स्वतःचं शरीर जे अडवतं ते या आकड्यात वजा झालेलं आहे. तासाभरातला क्षय धरायचा तर ०.८३ ने गुणायचं. म्हणजे एका रुग्णामागे १ मीटरवर सुमारे २८ मायक्रोसिव्हर्ट, आणि आठवड्याला सुमारे १,७०० मायक्रोसिव्हर्ट.

रुग्णाच्या शरीराचा मध्य जमिनीपासून १ मीटरवर धरला आणि वर खुर्चीत बसलेल्या माणसाचा मध्य पहिल्या मजल्याच्या फरशीपासून अर्ध्या मीटरवर, तर अंतर २.५ मीटर येतं. अंतराच्या वर्गाने भागल्यावर मध्ये काहीच नसताना आठवड्याला २७१ मायक्रोसिव्हर्ट. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे, आठवड्याला ढोबळमानाने २० मायक्रोसिव्हर्ट.

सल्लागाराने यापुढे फ्लोरिनच्या फोटॉनांच्या, म्हणजे किरणांच्या कणांच्या, ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला काँक्रीटचा क्षीणन गुणांक (पदार्थ किरणं किती वेगाने घटवतो तो आकडा) घेतला, १५ सेंटिमीटरचा घातांक काढला आणि स्लॅबमधून जेमतेम ५ टक्के पार जातं असं लिहिलं. २७१ चे ५ टक्के म्हणजे १३ मायक्रोसिव्हर्ट. मर्यादा २०. निष्कर्ष: छताला काहीही करण्याची गरज नाही.

गुणांक बरोबर होता, घातांकही बरोबर होता. हे सूत्र ज्या मांडणीसाठी आहे ती मात्र वेगळी आहे, आणि मॅडमनी बोट नेमकं तिथेच ठेवलं. तक्त्यातला गुणांक अरुंद झोतासाठी असतो. त्यात फोटॉन पदार्थात कशालाही एकदा धडकला की तो हिशोबातून बाद. प्रयोगशाळेत शिशाच्या छिद्रातून बारीक झोत सोडून पलीकडे लहान शोधक ठेवला तर हे खरंच आहे, कारण वाट बदललेला फोटॉन शोधकापर्यंत पोचतच नाही. स्लॅबच्या बाबतीत तसं होत नाही. स्लॅब रुंद आहे, रुग्ण सगळ्या दिशांना फोटॉन फेकतो आहे, आणि स्लॅबमध्ये वळलेले कितीतरी फोटॉन थोडी ऊर्जा गमावून वरच्या माणसापर्यंत पोचतातच.

अशा रुंद झोतासाठी पेटच्या संरक्षणाचे आकडे अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या टास्क ग्रुप १०८ ने २००६ मध्ये दिले आहेत आणि व्यवहारात तेच वापरले जातात. त्यांच्यानुसार १४ सेंटिमीटर काँक्रीटमधून २२ टक्के आणि १६ सेंटिमीटरमधून १७ टक्के पार जातं, म्हणजे १५ सेंटिमीटरला सुमारे १९ टक्के. ५ नव्हे, १९. तेव्हा वरच्या ऑफिसात आठवड्याला १३ नव्हे, ५२ मायक्रोसिव्हर्ट. वर्षाला अडीच मिलिसिव्हर्टच्या वर.

१४० आणि ५११ मधलं अंतर

ही चूक गॅमा कॅमेऱ्याच्या काळात लपून राहते, पेटमध्ये ती उघडी पडते. याचं मूळ फोटॉन पदार्थाशी काय करतो त्यात आहे.

टेक्नेशियमचा फोटॉन १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा. शिशात त्याचं बहुतांश काम प्रकाशविद्युत परिणामाने संपतं. अणूच्या आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन फोटॉनची सगळी ऊर्जा घेऊन बाहेर पडतो आणि फोटॉन नाहीसा होतो. ही शक्यता अणुक्रमांकाबरोबर फार वेगाने वाढते, साधारण तिसऱ्या-चौथ्या घाताने, आणि ऊर्जेबरोबर तशाच वेगाने घटते. शिशाचा अणुक्रमांक ८२. म्हणून १४० ला शिसं म्हणजे जणू काळी भिंत. ग्रॅमला ग्रॅम तुलना केली तर या ऊर्जेला शिसं काँक्रीटच्या जवळपास १७ पट प्रभावी आहे.

फ्लोरिन-१८ पॉझिट्रॉन, म्हणजे धन भाराचा इलेक्ट्रॉन, सोडतो. तो मिलिमीटरभराच्या आसपास ऊतीतच थांबतो, इलेक्ट्रॉनशी मिळून नष्ट होतो आणि एकमेकांविरुद्ध दिशांना ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन फोटॉन निघतात. ऊर्जा साडेतीन पटींहून थोडी जास्त वाढली; शिशातला प्रकाशविद्युत परिणाम मात्र पंचवीस-तीस पटींनी खाली आला. आता शिशातही निम्म्या वेळा कॉम्प्टन विखुरणच घडतं. फोटॉन सैल बांधलेल्या इलेक्ट्रॉनला धडकतो, त्याला थोडी ऊर्जा देतो आणि उरलेली घेऊन वेगळ्या दिशेने निघून जातो. या धडकेला अणुक्रमांकाचं फारसं सोयरसुतक नसतं. वाटेत किती इलेक्ट्रॉन आले, म्हणजे ढोबळमानाने किती वजन आलं, यावर ती ठरते. ग्रॅमला ग्रॅम तुलनेत शिशाची आघाडी १७ पटींवरून दोन पटींच्याही खाली येते. युग्मनिर्मितीचा, म्हणजे फोटॉनमधून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी तयार होण्याचा, इथे प्रश्नच नाही; तिला किमान १,०२२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात.

दाराच्या २ मिलिमीटर शिशाचं यातून काय होतं ते बघा. १४० ला त्यातून अर्ध्या टक्क्याच्या आसपास पार जातं. ५११ ला रुंद झोतात ७९ टक्के. तोच पत्रा, तेच दार. पेटच्या रुग्णासाठी ते जवळपास उघडंच आहे. ‘विद्यमान’ हा शेरा म्हणूनच धोक्याचा होता. शिशाची जाडी लिहिताना ती कोणत्या ऊर्जेसाठी आहे हे शेजारी लिहिलं नाही, तर तो आकडा पुढच्या माणसाची दिशाभूल करतो.

छत: पाच पर्याय

वर २० मायक्रोसिव्हर्टपर्यंत उतरायचं तर २७१ मधला ७.४ टक्के हिस्साच पार जायला हवा. त्यासाठी एकूण सुमारे २१.३ सेंटिमीटर काँक्रीट लागतं, म्हणजे आहे त्यावर साधारण ६५ मिलिमीटर जादा. किंवा शिसं: ७ मिलिमीटरमधून ३९ टक्के जातं, ८ मधून ३४, म्हणून ८ मिलिमीटर.

पहिला पर्याय वरच्या फरशीवर काँक्रीट ओतण्याचा. ६५ मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला सुमारे १५० किलो. वरची जागा दुसऱ्या मालकाची, इमारत सोसायटीची आणि स्लॅब कित्येक दशकांचा. स्ट्रक्चरल इंजिनियरने स्पष्ट नकार दिला.

दुसरा पर्याय छताला खालून शिशाचा पत्रा मारण्याचा. ८ मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला ९१ किलो. ‘शिसं लावलं की हलकं होईल’ असं बैठकीत सगळ्यांनाच वाटत होतं. १५० वरून ९१ एवढीच बचत आहे, कारण वर सांगितल्याप्रमाणे ५११ ला शिशाची आघाडी तेवढीच उरते. शिवाय हे वजनही त्याच जुन्या स्लॅबला टांगायचं. इंजिनियरचं उत्तर तेच.

तिसरा पर्याय खोली बदलण्याचा. मागच्या बाजूला एक खोली होती, तिच्यावर मोकळं आकाश. तिच्यापर्यंत जायला मात्र इंजेक्शन दिलेला रुग्ण सोनोग्राफीच्या रांगेतून चालत न्यावा लागला असता, आणि संडासही लांब. एफडीजीचा बराच भाग लघवीवाटे जातो. स्कॅनआधी रुग्णाला मूत्राशय रिकामं करावंच लागतं. हा पर्याय हिशोबात उत्तम होता. रोजच्या चालीत मात्र तो चुकीचा ठरला असता.

चौथा, काम कमी करण्याचा. मात्रा ३७० वरून २६० मेगाबेकरेलवर आणली तरी वर ३६ मायक्रोसिव्हर्ट राहतात. त्यावर रुग्ण दहाचे सहा केले तरी २२. मर्यादेत बसत नाहीच, केंद्रही चालत नाही.

पाचवा पर्याय निवडला गेला: स्लॅबला हात न लावता जमिनीवर उभी राहणारी लोखंडी चौकट, तिच्यावर खुर्च्यांच्या वर छत्रीसारखं ८ मिलिमीटर शिसं. तळमजल्याखाली तळघर नसल्याने भार थेट जमिनीत उतरतो. छत्री सव्वादोन मीटर उंचीवर, म्हणजे रुग्णापासून जवळ. त्यामुळे तिची सावली वरच्या मजल्यावर लांबी-रुंदीला दुप्पट होऊन पडते. १० चौरस मीटर शिसं पुरलं, वजन सुमारे ९०० किलो. शिसं मऊ असतं आणि स्वतःच्या वजनाने वर्षानुवर्षं झोळ धरतं, म्हणून खाली सलग लोखंडी प्लेट घेतली. ८ मिलिमीटरचा एकच जाड पत्रा उचलायला आणि बसवायला अवघड; त्याऐवजी ४ मिलिमीटरचे दोन थर, खालच्या थराचा सांधा वरच्या थराच्या सांध्याखाली येणार नाही अशा रीतीने, असं नकाशात लिहिलं. या ओळीकडे पुढे यायचं आहे.

दार: शिसं वाढवायचं की फोटॉनला वळवायचं

दारापलीकडच्या मार्गिकेतून गॅमा कॅमेऱ्याचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक जायचे. सर्वांत जवळच्या खुर्चीपासून ३ मीटरवर, २ मिलिमीटर शिशापलीकडे, आठवड्याला १४८ मायक्रोसिव्हर्ट येत होते. मार्गिकेत कुणी कायम थांबत नाही म्हणून पाव वस्तीगुणक (माणूस तिथे किती वेळ असतो तो हिस्सा) धरला तरी ३७.

कंत्राटदाराने १० मिलिमीटर शिशाचं दार सुचवलं. त्यातून २५ टक्के जातं, हिशोब बसतो. पण नुसत्या शिशाचं वजन सव्वादोनशे किलोच्या घरात. वेगळी चौकट, वेगळ्या बिजागऱ्या आणि स्ट्रेचर ढकलताना एका हाताने न उघडणारं दार. केंद्र घ्यायला तयारही झालं होतं.

मॅडमनी दुसरा मार्ग काढला. दारासमोर आतल्या बाजूला दीड मीटर लांबीची, दाराच्या उंचीएवढी, भरीव विटांची नऊ इंची आडभिंत बांधायची, म्हणजे कुठल्याच खुर्चीतून दार सरळ दिसणार नाही. आडभिंतीतून थेट येणारे फोटॉन विटांनी सुमारे १३ टक्क्यांवर येतात. बाकीचे दारापर्यंत पोचायला भिंतीवर किंवा छतावर आपटून वळावे लागतात आणि वळताना ऊर्जा गमावतात. ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ही इलेक्ट्रॉनच्या स्थिर वस्तुमानाएवढीच ऊर्जा, म्हणून कॉम्प्टनचं सूत्र इथे तोंडी सुटतं: काटकोनात वळलेल्या फोटॉनकडे बरोबर निम्मी, २५५, उरते, मागे उलटलेल्याकडे एक तृतीयांश, १७०. आणि २५५ च्या फोटॉनसाठी दाराचं तेच जुनं २ मिलिमीटर शिसं पुन्हा कामाला येतं. त्यातून चौथा हिस्साच पार जातो. जुनं दार टाकून द्यावं लागलं नाही. त्याच्या आवाक्यातले फोटॉन त्याच्याकडे पाठवले.

किंमत जागेने मोजावी लागली. आडभिंतीमुळे आणि स्ट्रेचर वळायला ठेवलेल्या १.२ मीटरमुळे तिसरी खुर्ची गेली. मालकांना हे पटायला दोन बैठका लागल्या. तासाला दोन रुग्ण या गतीने दहा रुग्ण पाच-सहा तासांत बसतात, हे वेळापत्रक मांडल्यावर त्यांनी होकार दिला. सकाळी माल उशिरा आला की रुग्ण तुंबतात, ही अडचण त्यात उरतेच. पावसाळ्यात दादरचा हिंदमाता चौक पाण्याने भरला की ती रोजची होते. त्यासाठी तुंबलेल्या रुग्णांना इंजेक्शनआधीच बाहेर थांबवायचं, इंजेक्शन देऊन मार्गिकेत बसवायचं नाही, हा नियम लेखी केला.

सोनोग्राफीकडच्या भिंतीसाठी काहीच बांधावं लागलं नाही. विटांची घनता काँक्रीटपेक्षा कमी असल्याने २३ सेंटिमीटर वीट म्हणजे सुमारे १७.६ सेंटिमीटर काँक्रीट. १३ टक्के पार. रिसेप्शनचं टेबल भिंतीला चिकटून होतं, तिथे आठवड्याला ५५ मायक्रोसिव्हर्ट आले असते. टेबल दीड मीटर मागे सरकवलं, १८ झाले.

एप्रनचा आग्रह

काम चालू असताना तंत्रज्ञांनी मागणी केली: “मॅडम, पेट जास्त स्ट्राँग असतं म्हणतात. निदान पॉइंट फाइव्हचे एप्रन तरी सगळ्यांना द्या.” मागणी रास्त भीतीतून आलेली होती. मॅडमनी तोंडी समजावण्याऐवजी दोन्ही समस्थानिकांच्या कुपीसमोर एप्रन धरून मीटर त्यांच्याच हातात दिला. टेक्नेशियमसमोर काटा पावाच्या आसपास आला. फ्लोरिनसमोर तो हलला की नाही हे बघायला दोनदा वाचावं लागलं. अर्धा मिलिमीटर शिसं ५११ च्या फोटॉनांपैकी साधारण ५ टक्के कमी करतं.

स्कॅनच्या टेबलावर रुग्ण बसवायला पाच मिनिटं लागतात असं धरा. इंजेक्शननंतर तासाभराने १ मीटरवर दर ताशी २३ मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे पाच मिनिटांत १.९. पाच मिनिटांचे ५ टक्के म्हणजे १५ सेकंद. एप्रनने जेवढं वाचतं तेवढं पंधरा सेकंद लवकर बाजूला होऊन वाचतं, आणि चार-पाच किलोचा एप्रन घालून माणूस पंधरा सेकंदांनी तरी मंदावतोच. एक पाऊल मागे, १ मीटरवरून दीड मीटरवर, गेलं की निम्म्याहून अधिक कमी होतं.

म्हणून पैसे एप्रनऐवजी तिथे लावले जिथे जाडी शक्य आहे. सिरिंजला आठ-नऊ मिलिमीटर टंगस्टनचं कवच घेतलं. त्यातून सातवा-आठवा हिस्साच बाहेर येतो आणि जाडी एवढी असूनही ते हातात मावतं, कारण स्रोत लहान असला की कवचही लहान पुरतं. मात्रा काढायच्या ओट्यावर ५० मिलिमीटर शिशाची आडोसा-वीट आणि शिसेकाच घेतली. शिरेत कॅन्युला इंजेक्शनच्या आधीच, रुग्ण ‘थंड’ असताना, लावायची. सूचना, शंका, संमती, दागिने काढणं हे सगळंही आधी.

एप्रन काढून टाकले नाहीत. गॅमा कॅमेऱ्याच्या बाजूला ते उपयोगीच आहेत, आणि सीटीच्या वेळी कुणाला रुग्णाजवळ थांबावं लागलं तर तिथेही. सीटीचे फोटॉन साधारण १२० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आतले असतात आणि शिसं तिथे पुन्हा काळी भिंत होतं.

चाचणी: तीन गोष्टी सापडल्या

बांधकाम संपल्यावर खुर्चीच्या जागी, १ मीटर उंचीवर, ३७० मेगाबेकरेल फ्लोरिनची कुपी ठेवून बाहेरून मोजणी केली. उघड्या कुपीसाठी दर मेगाबेकरेलमागे ०.१४३ धरतात, तेव्हा १ मीटरवर ताशी ५३ मायक्रोसिव्हर्ट. पहिल्या मजल्यावर स्लॅब आणि छत्रीपलीकडे ०.५५ यायला हवं होतं.

सर्वांत आधी आकड्यांतच गडबड निघाली. पहिल्या फेरीचा कागद हाती आला तेव्हा उशिरा मोजलेल्या जागा अपेक्षेपेक्षा फारच चांगल्या दिसत होत्या. मोजणी ८० मिनिटं चालली होती. तेवढ्यात कुपीत ६० टक्केच उरलं होतं आणि वेळेची दुरुस्ती कुणी केली नव्हती. प्रत्येक आकड्याशेजारी घड्याळातली वेळ लिहायची आणि सुरुवातीच्या वेळेवर आणायचं, पार्श्वभूमीचा दर वजा करून. दुसऱ्या दिवशी नव्या कुपीने सगळं पुन्हा मोजलं.

मग वरच्या मजल्यावर बहुतेक ठिकाणी ०.६ आलं, पण एका सरळ रेषेत १.२. छत्री उघडून पाहिली तर दोन्ही थरांचे सांधे नेमके एकावर एक होते. नकाशातली ओळ कंत्राटदाराच्या माणसांपर्यंत पोचलीच नव्हती. त्यांच्या हातात फक्त मापांचा कागद होता. सांध्यावर १०० मिलिमीटर रुंदीची ८ मिलिमीटर पट्टी बसवली आणि रेषा गेली.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर होती. सोनोग्राफीकडच्या भिंतीला लागून मीटर नेताना १.८ चालू होतं ते एका जागी एकदम १० च्या वर गेलं, आणि माणूसभर रुंदीनंतर पुन्हा १.८. प्लास्टर खरवडल्यावर कळलं की तिथे पूर्वी दार होतं, आणि कधीतरी ते १५० मिलिमीटरच्या हलक्या ब्लॉकने, ज्याला साइटवर सरसकट सिपोरेक्स म्हणतात, बुजवलं होतं. त्या ब्लॉकची घनता काँक्रीटच्या पावपट. कॉम्प्टनला वजन लागतं आणि वजनच नव्हतं. १५ सेंटिमीटर ब्लॉक म्हणजे जेमतेम चार सेंटिमीटर काँक्रीट, ८० टक्के पार. १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या काळातही हे भोक होतंच.

दोन मार्ग होते: त्या १.९ चौरस मीटरवर १३ मिलिमीटर शिसं, सुमारे २८० किलो. किंवा ब्लॉक काढून भरीव विटा. खोली अजून वापरात नव्हती, त्यामुळे विटा निवडल्या. चार दिवस धूळ झाली. विटांमधले उभे सांधे मसाल्याने पूर्ण भरले आहेत हे प्लास्टरआधी उभं राहून तपासलं, कारण पोकळ सांधा म्हणजे पुन्हा तीच गोष्ट बारीक प्रमाणात.

निष्पत्ती

वरचं ०.६ रुग्णांच्या भाषेत आणलं, म्हणजे शरीराच्या क्षीणनासाठी ०.६४, क्षयासाठी ०.८३ आणि ६० रुग्ण, तर आठवड्याला १९ मायक्रोसिव्हर्ट. मर्यादेच्या आत, पण अगदी काठावर. इथे पुन्हा एक निर्णय घ्यायचा होता. कागद पास होत होता. मॅडमनी वरच्या माणसांसाठी एवढ्यावर थांबायला नकार दिला आणि न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांबरोबर बसून नेहमीची मात्रा ३०० मेगाबेकरेल ठरवली. नव्या स्कॅनरची संवेदनशीलता तेवढी होती, वेळ रुग्णामागे थोडा वाढला. पूर्ण भारावर हिशोब १५.६ वर आला.

सीएच्या ऑफिसला बोलावून मोजणी दाखवली आणि त्यांच्या भिंतीवर एक टीएलडी बॅज (साठत गेलेली मात्रा मोजणारा बिल्ला) लावायची परवानगी घेतली. पहिल्या तिमाहीत आठवड्याचे रुग्ण चाळिशीच्या आतच होते; बॅजवर ०.१५ मिलिसिव्हर्ट आलं. आडभिंतीमागच्या दाराबाहेर कुपीला ०.८ होतं, ३७० मेगाबेकरेललाही वस्तीगुणकासह आठवड्याला सहा-सातच्या आसपास.

काय वेगळं करता आलं असतं

छत्रीचं शिसं ८ ऐवजी १० मिलिमीटर घ्यायला हवं होतं. १० चौरस मीटरला सव्वादोनशे किलोच जास्त, चौकट तीच, आणि वरचा आकडा ३७० मेगाबेकरेललाही १४ च्या आसपास आला असता. हिशोबातून नेमकी आलेली जाडी ही किमान असते; सांधे, खिळे आणि वाढणारे रुग्ण तिच्यात धरलेले नसतात.

भिंतींना नकाशा काढण्याआधीच दर मीटरवर बारीक ड्रिल मारून आत काय आहे ते पाहायला हवं होतं. मुंबईतल्या जुन्या तळमजल्यांमध्ये दारं-खिडक्या किती वेळा फुटल्या आणि बुजल्या याची नोंद कुठेच नसते. ड्रिलच्या टोकाला लाल भुकटी येते की पांढरी, हे पाहायला मिनिटभर पुरतं.

सांध्यांची सूचना नकाशाच्या टिपेत न राहता बसवणाऱ्या माणसाला साइटवर, पहिला पत्रा ठेवताना, दाखवायला हवी होती. आणि जुन्या दारावरचा ‘२ मिमी शिसं’ हा शेरा आता बदलला आहे. तिथे लिहिलं आहे: ‘२ मिमी शिसं, टेक्नेशियमसाठी पुरेसं, पेटसाठी फक्त आडभिंतीसह.’ आडभिंत कुणी जागेसाठी पाडायला निघालं, तर त्याला हे दारावरच वाचायला मिळेल.